वावळाखाली

विटा–मायणी रस्त्याला, फाट्यावर
माझं पंक्चरचं दुकान आहे.
दुकान म्हणजे एक कॉम्प्रेसर, पाण्याची लोखंडी पाटी,
टांगलेला टायर, तोच बोर्ड,
आणि वरती वावळ.

भाडं त्यालाच द्यायला हवं खरं तर.

आमच्याकडं घरटी एक माणूस गलाईला.
परमुलखात भट्टी मांडायची,
सोनारांच्या पेढीवरचा केर तापवून
त्यातला कण न् कण वेगळा काढायचा.
पोपटभाऊ सेलमला. धाकटा कानपुरात.
बाजीतात्या हुबळीला गेले ते तिथंच म्हातारे झाले.
मलाही नेलं होतं. तेजाबाचा वास सोसला नाही,
अठराव्या दिवशी एस्टीनं परत.

वावळाचं पान चुरगाळून बघा कधी,
तोही वास काही देवघरातला नव्हे.
पण हा सोसतो.

पौष-माघात झाड पार उघडं,
राखाडी सालीवर ऊन बसतं, नि एक म्हातारा सरडा.
मग एका सकाळी हिरवं दिसायला लागतं.
नवं गिऱ्हाईक म्हणतं, पालवी लवकर आली यंदा.
पालवी नाही हो, त्या पापड्या.
घोसच्या घोस, मधोमध एक दाणा,
भोवती कागदाएवढा पातळ पंख.
पान एक नाही, तरी झाड भरलेलं.

जत्रेत आमचं गाव असंच दिसतं.
देवळामागं तमिळनाडूच्या पाटीच्या गाड्या,
कर्नाटकाच्या, यूपीच्या,
पोरं आपसात हिंदी बोलतात,
कुलपं निघालेल्या घरांत पंखे फिरतात.
लांबनं बघणाऱ्याला वाटावं, गाव नांदतंय.
आठ दिवसांनी पापड्या वाळतात,
वारं सुटतं.

एकदा शिराळ्याच्या कॉलेजातल्या मॅडम थांबल्या होत्या,
मागचं चाक बसलेलं.
ट्यूब निघेपर्यंत झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या,
सालीला हात लावला, म्हणाल्या,
हा एल्मच्या कुळातला. थंड मुलखात ह्याचे भाऊबंद आहेत,
होते म्हणा. रोग पडला, रस्तेच्या रस्ते वाळून गेले.
मी पाण्यात बुडबुडा शोधत होतो.
म्हटलं, आम्हाला कुणी कळवलं नाही.
त्या हसल्या. मी थट्टा केली नव्हती.

तात्यांनी हुबळीहून सांगितलेलं, इथं ह्याला तपसी म्हणतात.
कानपुरात चिलबिल.
पोपटभाऊचा फोन आला तेव्हा आई होती अजून,
दुकानातच बसली होती, पापड्या चोळून
पंख फुंकून, दाणे नातवासाठी डब्यात भरत.
(चारोळीसारखे लागतात. मी अजून खातो.)
भाऊ म्हणाला, आपला वावळ इथंही आहे गं,
भट्टीच्या मागंच.
नाव काय त्याचं तिकडं?
आया.
आई जरा थांबली. मग म्हणाली,
एक इथं ठेवून गेलास,
तिथं किती भेटल्या रं?

तो डबा आहे अजून. पाने-स्क्रू ठेवतो त्यात.

काल दुपारी सेलमचा ट्रक लागला,
द्राक्षाचे रिकामे क्रेट घेऊन निघालेला.
ड्रायव्हर झाडाखाली आडवा झाला,
मी पाटीतल्या पापड्या हातानं बाजूला सारल्या,
ट्यूब दाबली, बुडबुडा धरला.
वारं होतं. ताडपत्रीच्या घड्यांत
मूठ-दोन मूठ पापड्या जाऊन बसल्या.
चाक आवळून झाल्यावर फडकं घेतलं होतं हातात,
झटकावं म्हणून.

झटकलं नाही.
ऐंशी झाले, म्हटलं.
त्यानं शंभर दिले. सुट्टे नव्हते माझ्याकडं.
राहू द्या, म्हणाला त्याच्या भाषेत,
निदान मला तसं वाटलं.